आडनावासकट

प्रज्ञा गेल्याचं तिच्या भावानं फोनवर कळवलं, त्याला आता पाच आठवडे झाले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात एक गृहस्थ हळहळले, एवढी हुशार बाई, पण नगरमध्येच अडकून पडली... मी तिथंच उठून सांगितलं, की ती अडकली नव्हती, ठाण मांडून बसली होती. माझा आवाज चढला होता. त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा आम्ही दोघी नगरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. मी शाळामास्तरांची मुलगी. तिचे वडील जामखेडहून येऊन नागापूरच्या एमआयडीसीत टर्नर झालेले. क्लासचे सर कारखान्यांना वेबसाइटही करून देत, आणि ते काम प्रज्ञाकडे असायचं. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून रखडत यायचं. एक फोटो उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. नागापूरच्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्याच्या मालकांना साइटवर अख्ख्या शेडचा फोटो आणि सरकती अक्षरं हवी होती. प्रज्ञानं मासिकात तळहाताएवढ्या कॉम्प्युटरचं चित्र पाहिलं होतं. खरा तिनं कधी हातात घेतला नव्हता. पण मासिकात दिलेलं माप घेऊन तिनं पोस्टकार्डात खिडकी कापली, ते मॉनिटरवर धरलं आणि खिडकीत मावेल एवढंच पान केलं. कारखान्याचं नाव, व्हॉल्व्हचे आकार, फॅक्स नंबर. चित्र एकही नाही. नगरमध्ये असली यंत्रं कुणाकडे आहेत, असं सरांनी विचारलं.

"पान नगरमध्ये बनतंय, सर," ती म्हणाली. "उघडणारा कुठंही उभा असेल."

सरांनी काम दुसऱ्याला दिलं आणि मोठ्या फोटोचं पान झळकलं. पुढं त्यात किरकोळ बदल करायलाही तिनं साफ नकार दिला. सर तिच्याशी कामापुरतंच बोलू लागले. मग एक दिवस मालक परदेशातल्या प्रदर्शनाहून परतले ते थेट क्लासचा जिना चढून आले. प्रदर्शनात एका ग्राहकानं खिशातून तसलंच यंत्र काढून त्यांची साइट उघडली होती. शेडचा एक कोपरा दिसला, पुढं काहीच नाही. तो माणूस यंत्र मिटून शेजारच्या स्टॉलवर गेला.

मालकांनी प्रज्ञाचं पान मागितलं. "देते," ती म्हणाली, "पण खाली माझं नाव राहील. आडनावासकट."

सर मध्ये पडले. नाव द्यायचंच तर नुसतं प्रज्ञा पुरे, आडनाव कशाला? ते का नको होतं, हे त्या खोलीत प्रत्येकाला कळलं... आणि मी गप्प बसले. हे इथं लिहायलाच हवं. तिनं पानाची फ्लॉपी पर्समध्ये टाकली आणि ती घरी गेली.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले आणि नावाचं सोडून दे, नोकरी जाईल, असं समजावू लागले. तिचे वडील नुकतेच कामावरून आले होते, चिंधीनं हातांचं ऑइल पुसत होते.

"न्हाई पोरी," ते मला म्हणाले. "नाव लई मुश्किलीनं मिळालंय आमाला. त्ये काढायचं न्हाई."

चार दिवसांनी मालकांचा निरोप आला आणि पान तिच्या अटीवर गेलं. आठवड्याभरात तिनं राजीनामा दिला. या खेपेला मी गप्प बसले नाही, माझाही दिला. नगरमध्येच, सावेडीत एक खोली घेऊन आम्ही दोघींनी काम सुरू केलं, ते आजतागायत चालू आहे. पुण्याहून तिला बोलावणी येत. नागापूरची माणसं पुण्याला जाऊन पानं करून आणतात, तीच इथं येऊ देत, असं ती म्हणायची.

तिची एक सवय होती. पान कितीही चांगलं झालं तरी ती फोन घेऊन गच्चीवर जायची, भर उन्हात उभी राहून एका अंगठ्यानं ते सरकवायची. काल एका नव्या कारखान्याचं पान तयार झालं. आमच्याकडे काम करणाऱ्या मुली खूश होत्या. मी सगळ्यांना वर नेलं. उन्हात फोन नंबर वाचता येईना. आम्ही खाली उतरलो आणि पुन्हा कामाला बसलो.