पाच अंश वीस मिनिटं

समजा, तुमच्यासमोर एक साइन बार आहे. म्हणजे दोन टोकांखाली दोन रूळ बसवलेली पोलादी पट्टी. रुळांमधलं अंतर बरोबर दोनशे मिलिमीटर. एका रुळाखाली नेमक्या जाडीचे पोलादी तुकडे रचायचे, त्यांना कारखान्यात स्लिपा म्हणतात. मग पट्टी तिरकी होते आणि तिच्यावरचा ठोकळा हव्या त्या कोनात घासता येतो. ड्रॉइंगवर कोन आहे पाच अंश वीस मिनिटं. स्लिपांची उंची किती? कोनाचा साइन काढा, दोनशेने गुणा. बस्स.

आता फोन काढा. बोटाला तेल लागलंय, पडदा ऐकत नाही. बोट पुसा. साइनचं बटन दिसत नाही, कारण फोन उभा आहे, आडवा करा. मध्येच कुठली तरी वीस टक्के सूट वरून टपकेल, ती बाजूला सारा. एवढं होईपर्यंत मावशींच्या स्लिपा रचून झालेल्या असतात आणि त्या तुमच्याकडे बघत असतात. ते बघणं फार वाईट.

मावशी टूलरूममध्ये तपासणीला आहेत, सव्वीस वर्षं. त्यांचा कॅल्क्युलेटर तेवीस वर्षांचा. पाठीमागचं झाकण रबराने बांधलेलं, सातचा आकडा पुसलेला, साइनच्या बटनावर अंगठ्याएवढा खळगा. याच्यावरच त्यांनी मुलीला त्रिकोणमिती शिकवली. मुलगी शिकली, नोकरीला लागली आणि ज्याच्याशी लग्न केलं तो माणूस दोन महिन्यांपूर्वी याच कारखान्यात प्लॅनिंगचा साहेब होऊन आला. घरी जावई, इथे साहेब. मावशींनी दोन्ही गिळलं. पण साहेबांनी टूलरूममध्ये टॅब आणले, ते काही गिळवेना.

"याला रात्रभर चार्जिंगला लावावं लागतं," त्या ग्राइंडरवाल्याला म्हणाल्या होत्या. "पाहुण्यासारखं. दिवसा काम करेल की नाही, ते त्याच्या मर्जीवर."

आणि आज सकाळी दाराशी एक खोकं येऊन बसलं. वर कागद: जेवणाच्या सुट्टीपर्यंत सर्वांनी आपापले कॅल्क्युलेटर इथे जमा करावेत. अकरा वाजेपर्यंत खोक्यात सहा पडले. सातवा मावशींच्या ॲप्रनच्या खिशात होता आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

साडेअकराला साहेब टॅब छातीशी धरून आले.

"मावशी, तुमचा राहिलाय."

"सुट्टीला अजून दीड तास आहे, साहेब."

"हट्ट कशाला? सगळ्यांचे आकडे एका ठिकाणी राहतील. चूक झाली तर कळेल."

"आमची चूक ठोकळ्यावरच कळते."

ग्राइंडरवाला ठोकळा घेऊन उभा होता. कडक केलेलं पोलाद, अकरा दिवसांचं काम, जोडीला दुसरा नाही. साहेबांना वाटलं, दाखवायची वेळ हीच. त्यांनी टॅबवर टकटक केलं आणि पडदा मावशींसमोर धरला. "अठरा पॉइंट एक दोन सहा... दशांशानंतर सहा आकडे. तुमच्या त्या डबीत येतात एवढे?"

मावशींनी खिशातून डबी काढली. पाच, अंशाचं बटन; वीस, परत तेच बटन; साइन. दोनशेने गुणलं. चार सेकंदांत पडदा साहेबांसमोर धरला. अठरा पॉइंट पाच नऊ.

"सहा आकडे आहेत खरे," मावशी म्हणाल्या. "पण पहिलाच चुकलाय."

"टॅब चुकत नाही."

"बरं. एका अंशात मिनिटं किती?"

साहेब हसले. "साठ."

"मग वीस मिनिटं म्हणजे अंशाचा कितवा भाग?"

"तिसरा..." म्हणताना साहेबांचं बोट पडद्यावरच थांबलं. त्यांनी पाच पॉइंट वीस टाकलं होतं. टाकायला हवं होतं पाच पॉइंट तीन तीन तीन. ग्राइंडरवाल्याने ठोकळा हळूच टेबलावर ठेवला, तान्हं मूल ठेवावं तसा.

साहेबांनी पुन्हा टकटक केलं. या वेळी अठरा पॉइंट पाच नऊ आलं. "बघा," ते जरा सावरून म्हणाले, "टॅबची चूक नव्हती. माणसाची होती."

"तेच म्हणते मी, जावईबापू." कारखान्यात त्या असं पहिल्यांदाच म्हणाल्या. "त्या माणसाला चुकायला जागा राहू नये म्हणून माझ्या डबीत मिनिटांचं वेगळं बटन आहे. तुमच्या त्या पाटीवर गाणी लागतात, हवामान कळतं, फोटो निघतात. मिनिटांचं बटन तेवढं ठेवायचं राहिलं."

"सेटिंगमध्ये असेल कुठेतरी."

"असेल. तुम्ही शोधा. तोवर आम्ही काम करतो."

ग्राइंडरवाला दाराशी गेला, खोक्यात हात घालून स्वतःचा कॅल्क्युलेटर काढला, बाहीला पुसला आणि परत मशीनवर गेला. साहेबांनी बघून न बघितल्यासारखं केलं. बाकीचे पाच जण एकेक करून उठले आणि आपापला घेऊन आले. सुट्टीचा भोंगा झाला तेव्हा खोकं रिकामं होतं. मावशींनी त्यात चिंध्या टाकल्या.

पण जेवताना त्यांना एकदम आठवलं. मागच्या आठवड्यात गुडघ्यासाठी त्या तीन दिवस रजेवर होत्या. त्या दिवसांत चार ठोकळे टॅबवरच्या आकड्यांनी घासून गिऱ्हाइकाकडे गेले होते. कोन सात अंश पंधरा मिनिटं, म्हणजे सव्वासात अंश. त्या डबा तसाच टाकून साहेबांच्या काचेच्या खोलीत गेल्या.

"ते चार ठोकळे. कोणी काढला आकडा?"

"मीच."

"काय टाकलं होतं?"

"बघावं लागेल."

"तुम्हीच म्हणालात ना, सगळे आकडे एका ठिकाणी राहतात?"

साहेबांनी टॅबचं बटन दाबलं, पडदा काळाच राहिला. त्याचं चार्जिंग संपलं होतं. मावशींनी टेबलावरची चार्जरची वायर त्यांच्यापुढे सारली.

"बघा तर मग. सात पॉइंट पंधरा टाकलं होतं, की सात पॉइंट पंचवीस?"