संत्र्याच्या पेटीतला टीव्ही गेम

माझा दोस्त वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी सौंसर गावातल्या माझ्या घरी बिघडलेला पंखा उघडून बसलो होतो. पाना हातातच राहिला. महिना होत आला, अजून एका जागी बसवत नाही. उठतो, फाटकापर्यंत जातो, परत येतो... हा वसंताचा रोग. जन्मभर त्याच्या पायाला भिंगरी होती, जाताना ती मला देऊन गेला.

ऐंशीच्या दशकात वसंताने नागपूरचं कॉलेज अर्ध्यावर सोडलं आणि पांढुर्ण्यात, घराच्या ओसरीवर, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान मांडलं. काकाजी, म्हणजे त्याचे वडील, नगरपालिकेत होते. घरातला पहिलाच पोरगा कॉलेजात गेलेला, तो साहेब होईल ही त्यांची आस. त्यांनी वसंताशी बोलणंच टाकलं. शेजारी जेवायला बसूनही "त्याले सांग, मीठ सरकव" हे काकूंमार्फत. वसंता हसण्यावारी न्यायचा, पण आतून ते त्याला खात होतं. मला म्हणायचा, "असं काही बनवतो ना बे, बाबा पाहाले आलेच पायजे."

हे 'असं काही' म्हणजे टीव्ही गेम. नागपुरात कुणाकडे त्याने परदेशी खेळ पाहिला होता: पडद्यावर दोन पांढऱ्या काठ्या आणि मध्ये टोलवायचा एक ठिपका. तसाच्या तसा घरी करायचा, हे डोक्यात बसलं. सर्किट मासिकातून उतरवलं, आयसीची चिप नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून आणली, खोकं संत्र्याच्या पेटीच्या फळ्यांचं, बटणं मोडक्या रेडिओची. ओसरीवर सतत तारा जोडताना जळणाऱ्या राळेचा धूर. धीर मात्र अजिबात नाही, एका तारेचा डाक थंड व्हायच्या आत दुसरीला हात. "अबे, दम धर," मी म्हणायचो. "धरून राहिलो ना!" म्हणत हा उठून चकरा मारायचा.

एका रविवारी संध्याकाळी चेंडू उडाला. पण घाईत या पठ्ठ्याची दुरुस्तीला आलेल्या टीव्हीला लागलेली अँटेनाची वायर काढायची राहिली, आणि खेळ छपरावरच्या अँटेनातून गल्लीभरच्या टीव्हींवर पसरला. शेजारच्या घरी सारी आळी टीव्हीवर सिनेमा पाहत होती, काकाजीसुद्धा. ऐन रडण्याच्या प्रसंगात नटीच्या तोंडावर ठिपका टणाटण उड्या मारू लागला. एकच ओरडा झाला. कुणाला काही कळेना, काकाजींना मात्र कळलं. दुसऱ्याचीच चप्पल पायात घालून ते तरातरा घरी आले. मी म्हटलं, गेलं खोकं अंगणात!

काकाजी उभ्याउभ्या पडद्याकडे बघत राहिले. मग स्टुलावर टेकले, एक बटण धरलं, आणि हरले.

"पुन्हा लाव," वसंताकडे बघून म्हणाले.

वसंताला स्वतःच लावलेला खटका सापडेना, शेवटी मी दाबला. भांडायला आलेले शेजारी मागे रांग लावून उभे राहिले. पुढे घरचा टीव्ही आला, आणि बापलेक दर रविवारी खेळत राहिले. बोलणं तेवढंच... "पुन्हा लाव."

परवा पांढुर्ण्याला गेलो. काकाजी आता नव्वदीला टेकलेत. बंद टीव्हीसमोर बसले होते, ते जुनं खोकं मांडीवर. जय भीम केला, तर म्हणाले, "शाबास म्हटलं नाई रे मी त्याले कधी. समजलं असन का त्याले?"

दवाखान्यात शेवटच्या भेटीत वसंताने मला विचारलं होतं, "बाबाले आवडला असन का बे तो गेम?" मी ते काकाजींना सांगून टाकलं. वाटलं, म्हाताऱ्याला बरं वाटेल.

त्यांचा हात खोक्याच्या बटणावर गेला, ते इकडून तिकडे फिरू लागलं.

"तुले विचारलं," ते म्हणाले, "मंग मले काऊन नाई विचारलं त्यानं? मी तं इथंच होतो ना..."