पांढरीचा जाणकार

आमच्या गावात मातीची जात ओळखणारा एकच माणूस होता आणि त्याला आम्ही कधी काही विचारलं नाही. जंगू ढोरकी. वरोऱ्याच्या अलीकडे आमचं गाव. घराघरांतली गुरं सकाळी आखरावर गोळा करायची आणि रानात चारून संध्याकाळी परत आणायची, हेच त्याने चाळीस वर्षं केलं. मी त्याच गावचा निवृत्त मास्तर. भूगोल शिकवला, मातीचे प्रकार पोरांकडून घोकून घेतले. पण गावामागच्या माळावरची माती कोणती, असं कोणी विचारलं असतं तर माझी बोबडी वळली असती.

त्या माळाला सगळे पांढरी म्हणत. उन्हाळ्यात त्याच्यावर पीठ सांडल्यासारखा थर यायचा आणि चालताना पायाखाली पापुद्रा मोडायचा. खणलं की काचेसारख्या चकचकीत चकत्या निघत. आखूड, रोडक्या गवताशिवाय तिथे काही धरत नसे. डबक्याचं पाणी इतकं कडवट की ते प्यालेली गुरं दोन दिवस पातळ हगत. जंगू हिवाळ्या-उन्हाळ्यात कळप तिकडे नेई, पण पावसाळ्यात एक जनावर फिरकू देत नसे. "वरतून तवा, अंदरून पोकळ," असं म्हणायचा. एकदा गुणवंतरावांची म्हैस त्याचं न ऐकता तिथे सोडली गेली. ती गुडघाभर आत गेली आणि तिचा पाय मोडला.

पाच वर्षांपूर्वी आदेश नावाचे नवे तलाठी घरकुलांसाठी जागा शोधत आले. माळावर त्यांना जंगूच भेटला.

"या जागेला काय म्हणतात?"

"पांढरी, साहेब."

साहेबांचा चेहरा खुलला. जुन्या दप्तरात काळी म्हणजे शेताची जमीन आणि पांढरी म्हणजे गावाची वस्ती. जंगूने मातीचा रंग सांगितला, साहेबांनी जुनं गाव ऐकलं. 'पूर्वीच्या वस्तीची जागा, घरांसाठी योग्य' असं त्यांनी लिहिलं. खाली लिहिलं, माहिती देणारा जंगू नेवारे, जाणकार. वर त्याचा अंगठाही घेतला. जन्मात पहिल्यांदा कोणी त्याला जाणकार म्हटलं होतं. आठ दिवस गडी फुगून फिरला. भेटेल त्याला सांगे, "मले इचारून लिवलं साहेबानं."

मग पांढरीवरच्या बावीस घरांची यादी लागली आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला. यादीत त्याच्या मुलीचंही नाव होतं. उर्वशीला नवऱ्याने टाकलं होतं. सहा वर्षं ती बापाच्या झोपडीत, चुलीशेजारच्या कोपऱ्यात निजत होती.

ग्रामसभेत जंगू पाण्याने भरलेला लोटा आणि पांढरीचं एक ढेकूळ घेऊन आला.

"तिथी घरं नोका बांधू. ते माती पाण्यात विरते."

गुणवंतराव तेव्हा सरपंच. ते म्हणाले, "काऊन रे जंगू, तूच त पांढरी सांगतली न?"

"मी त रंग सांगतला, भाऊ."

त्याने ढेकूळ लोट्यात टाकलं. सगळे वाकून बघत बसले. वरची धूळ सुटली, पाणी गढूळ झालं, ढेकूळ मात्र तळाशी होतं तसं पडून राहिलं. त्या मातीला विरायला तीन-चार पावसाळे लागतात आणि आमची सभा अर्ध्या तासात उरकली. मागून कोणीतरी ओरडलं, "ढोरं चारायची जागा चालली म्हणून बोंबलून राह्यला!" हशा पिकला. मीही हसलो. लिहिताना लाज वाटते, पण हसलो.

घरी उर्वशी एवढंच म्हणाली, "बाबा, माह्या नावाचं एक घर होऊ दे न."

पांढरीवर बांधकाम सुरू झालं. जंगूनेच तिच्या घराच्या पायाचे दगड वाहिले आणि पाणी लांब जावं म्हणून घराभोवती चर खणला. पुढे घरोघरी नळ आले, मोऱ्या आल्या, शोषखड्डे आले. बावीस घरांचं सांडपाणी पांढरीत मुरू लागलं. तिसऱ्या पावसाळ्यात फरशा बोलायला लागल्या, खाली पोकळ. पायाचं सिमेंट नखाने खरवडलं तरी भुगा पडे. एका दुपारी उर्वशीची मागची भिंत तिच्या शिलाई मशीनवर कोसळली. ती अंगणात होती म्हणून वाचली.

माती तपासायला गेली. अहवाल आला: पाण्यात विरघळणारं जिप्सम भरपूर, बांधकामास अयोग्य. मग ही जागा सुचवली कोणी, म्हणून कागद निघाला. तलाठ्यांची बदली झाली होती. अंगठा तेवढा जागेवर होता. ज्या गावाने त्याचं ऐकलं नाही, तेच गाव आता म्हणू लागलं, "या जाणकारानं घात केला." लोकांनी गुरं दुसऱ्याकडे लावली. मला संताप येतो, पण मीही त्याच गावचा.

गेल्या महिन्यात घरकुलांच्या नव्या जागेसाठी तहसीलातून एक मॅडम आल्या. नाल्याकाठची हिरवी, सपाट पट्टी त्यांना आवडली. आम्ही दहा-बारा जण सोबत होतो, जंगू आणि उर्वशीही मागे होते. चालताना सवयीने जंगूने काठी टेकली आणि ती वीतभर आत गेली. त्याने पाहिलं. मीही पाहिलं.

"आजोबा, तुम्ही गुरं चारायचात ना? कशी आहे ही जागा?" मॅडमनी विचारलं.

जंगूने तोंड उघडलं. उर्वशीने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"बाबा, तू काई बोलू नोको. तुह्या बोलण्यानंच झालं सारं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग काठी उपटून काखेत घेतली.

"मले काई मालूम नाई, बाई. मी ढोरकी."

मी बोलू शकलो असतो. नाही बोललो. मॅडमनी जागा लिहून घेतली. भिंत पडलेल्यांना आधी घर द्यायचं ठरलंय, त्यामुळे यादीत पहिलं नाव उर्वशीचं आहे.