कान तुटलेला कप

१९८०च्या सुमारास मी पालघरच्या कॉलेजात शिकवत होतो; तिथे समाजशास्त्र शिकवणारे एक सर कधी बसून चहा प्यायचे नाहीत. स्टाफरूममध्ये येरझारा घालत बोलायचे. आदिवासी शिपायासाठी वेगळा ठेवलेला, कान तुटलेला कप एकदा त्यांनी उचलला.

“कार्यवादी समाजशास्त्रज्ञ म्हणेल, या कपानं व्यवस्था टिकते. संघर्षवादी विचारेल, कोणाच्या सोयीची? तिसरा नुसता चहा देणाऱ्याचा हात कोणासाठी कोणता कप उचलतो ते बघेल.”

शिपाई हसला. “सर, तो माजा हाय. आता मी कशात पिऊ?”

सरांनी आपला कप त्याला दिला. मग रोजच कप एकमेकांत मिसळू लागले.

मी घरून चहाचा थर्मास आणि स्वतःचा कप आणू लागलो. “पित्त,” मी सांगितलं.

सर पहिल्यांदाच माझ्यासमोर बसले. “कधीपासून?”

मला पित्त कधीच नव्हतं.