फळ्यावर राहून गेलेली तारीख

पारसभाऊ गेल्याचं मला जळगावच्या एसटी स्टँडवर कळलं. आमच्या गल्लीतला दगा शिंदखेड्याच्या गाडीतून उतरला, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, "भाऊ, पारसशेठ गयात. फळा तसाच शे." फळा तसाच, म्हणजे त्या सकाळी त्यांचा हात त्याला लागला नव्हता... आणि माझ्या आठवणीत असं कधी झालेलं नव्हतं.

शिंदखेड्याच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. आजोबा मारवाडातून आलेले. वडिलांनी दाराशी फळा टांगला तो धोतरजोड्यांचे भाव लिहायला. पारसभाऊंच्या हाती दुकान आलं तसे भाव पुसले गेले, आणि रोज सकाळी तिथे एक नवा शब्द, एखादी माहिती आणि आजच्या तारखेला पूर्वी काय घडलं ते येऊ लागलं. कुठला राजा गादीवर बसला, कुठली लढाई कोण हरलं, देवमाशाला फुप्फुसं असतात. ज्यांना वाचता येत नसे ती माणसं दुसऱ्याकडून वाचून घ्यायची आणि मगच बाजाराला लागायची. मी धुळ्याला कॉलेजात होतो, आमच्या घरातला पहिलाच. सुटीत आलो की पारसभाऊ गादीवरून विचारायचे, "काय बी. ए., आजना शब्द माहीत व्हता का?" बरेचदा नसायचा.

एक जूनला मात्र दरवर्षी एकच ओळ असे : 'आज अर्ध्या गावाचा वाढदिवस.' शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता येत नसे, मग गुरुजी एक जून टाकून मोकळे व्हायचे. माझीही तीच. पदवी घेतली त्या वर्षी मी त्या ओळीला हसलो. पारसभाऊ हसले नाहीत. "राजास्ना दिन मी रोज लिखस," ते म्हणाले, "तुना कोणता, ते अक्काले इचारू." माझ्या आईला ते अक्का म्हणत.

आईने सांगितलं, "आखाजीना आदला दिन. झोका बांधेल व्हता. त्या साल टोळ उनी व्हती." पारसभाऊंनी टोळधाडीचं साल म्हाताऱ्यांना विचारून पक्कं केलं, माळ्यावरून त्या सालचं पंचांग काढलं, त्यात अक्षय्य तृतीया, म्हणजे आमची आखाजी, गाठली आणि मे महिन्यातली एक तारीख माझ्या हातात ठेवली. पुढच्या वर्षी त्या सकाळी, कुठल्याशा तहाच्या खाली, फळ्यावर माझं नाव होतं. आदल्या वर्षी बी. ए. डिग्रीचा कागद दाखवला तेव्हा आईने नुसता हात फिरवला होता त्यावरून. फळ्यापुढे मात्र पदर डोळ्याला लावला, आणि म्हणाली, "भाऊ, मना दिन बी काढ ना."

तो काही निघेना. तिला एवढंच ठाऊक, की ती झाली तेव्हा ज्वारी निसवेल व्हती, कणसं बाहेर पडत होती. साल सांगणारी तिच्या माहेरची माणसं केव्हाच गेलेली. पारसभाऊंनी तरी नाद सोडला नाही. कापड घ्यायला तिकडचं कुणी आलं, की गज बाजूला ठेवून आधी तेच विचारायचे. आई दुकानावरून जाताना म्हणायचे, "अक्का, तुमना दिन बाकी शे." आई म्हणायची, "राहू दे. दिन कोठे पयी जास?"

दिवस कुठे पळाला नाही, भाऊच गेले.

मी गावी गेलो तेव्हा फळा वहिनींनी, पारसभाऊंच्या पत्नीने, कुणाला पुसू दिलेला नव्हता. शब्द होता 'दीपगृह'. आमच्यापासून समुद्र केवढा लांब... खडूची अक्षरं वाऱ्याने फिकी होत चालली होती. आई माझ्याबरोबर होती. तिने विचारलं, "मना दिन शे का यामा?" मी नाही म्हटलं.

संध्याकाळी शेजारच्या काकूंनी ओट्यावर बसून सहज म्हैस व्यायल्याचा दिवस विचारला, "म्हैस कवय व्यायनी वं तुमनी?" आई आजवर आखाजीवर नाहीतर ज्वारीवर दिवस सांगत आलेली. ती म्हणाली, "पारसभाऊ गयात ना... त्याना दुसरे दिन."