मनगटावरचं गोंदण

आज नागपूरले एअर होस्टेसच्या इंटरव्ह्यूला गेली होती. उंची मोजून झाली, इंग्रजी बोलून झालं, मॅडम हसल्या पण. मग म्हणाल्या, "हात दाखव."

माझ्या मनगटावर गोंदण आहे. लहानपणी मार्कंड्याच्या जत्रेत आईनं गोंदवून घेतलं होतं.

"दिसणारा टॅटू चालत नाही. पुसून घे, मग ये."

मी म्हटलं, टॅटू नाही मॅडम, गोंदण आहे. त्यांना फरक कळला नाही.

वडसाच्या बसमधून आईले फोन केला. आई म्हणे, "मेल्यावर वर जाताना तेवढंच संगं येते. मंग इमानात काऊन नाई चालत?"

तेव्हापासून गोंदण काढणाऱ्या लेझरवाल्याचा नंबर काढून बसली आहो. फोन लावतही नाही, नंबर पुसतही नाही. तुम्ही लावला असता का?