गिरणीतला नंबर

नात काल संगणकासमोर बसून सांगत होती, "आजी, यात काम करणारं यंत्र एकच, अन् कामं ढीगभर. म्हणून आत एक कारभारी असतो. एकाचं काम थोडं चालवतो, थांबवतो, कुठवर आलं त्याची खूण ठेवतो, मग दुसऱ्याचं घेतो. इतकं झरझर, की सगळी एकदमच चाललीत असं वाटतं. एकाच्या जागेत दुसऱ्याला हात घालू देत नाही."

"अन् मागंच राहिलेल्याचं काय?"

"फार खोळंबलं, की कारभारीच त्याचा नंबर पुढं घेतो."

मला एकदम आमची गिरणी आठवली.

लग्न होऊन मी तेरला आले तेव्हा गावात इंजिनावरची एकच गिरणी होती. ज्वारीच्या टोपल्या ओळीनं ठेवायच्या आणि बाजूला उभं राहायचं. दुसरीच्या टोपलीला कुणी शिवायचं नाही, ही रीत. पण आपली टोपली मधेच ठेवायला बाया भीत नसत. माझ्या तोंडातून शब्द फुटत नसे.

"हिला कुठं घाई हाय? मुकी हाय बिचारी," एकजण म्हणायची. बाकीच्या हसायच्या.

त्या दिवशी घरात भाकरीपुरतं पीठ नव्हतं आणि तान्ही लेक तापानं फणफणली होती. "लवकर ये गं," सासूबाई म्हणाल्या होत्या. "तुझं दूध न्हाय मिळालं तर ही टिकायची न्हाय."

दिवस कलला. पिठाच्या धुरळ्यात सगळ्यांची तोंडं पांढरी, कोण कोण ते कळेना. इंजिनाच्या ठोक्यांत मला लेकीचं रडणं ऐकू आल्यासारखं वाटत होतं. माझी टोपली शेवटची होती. डोळे पुसून पुन्हा बघितलं, तर ती सगळ्यांच्या पुढं.

गिरणीवाल्यानं मागं न बघता ती उचलली.

"कुनी सरकवली गं?" मला मुकी म्हणणारीचाच आवाज हळूच आला.

"म्या न्हाय."

"म्या बी न्हाय."

सगळ्यांचे हात पिठानं माखलेले. टोपलीच्या काठावर मात्र गिरणीवाल्याशिवाय कुणाचंही बोट उमटलेलं नव्हतं.

मी धावत घरी आले. दारापर्यंत आवाज नव्हता. मग लेक रडली. तीच या नातीची आई.

 काल शेवटी नातीनं संगणक बंद केला. पडदा काळा झाला तरी आतली घरघर थांबेना. "कारभारी सगळ्यांचं आवरून शेवटी जातो," ती म्हणाली.

मी तिथंच बसून राहिले. माझी टोपली पुढं आली तेव्हा कुणाची तरी मागं गेली असणार. तिच्या घरी कोण वाट बघत होतं?